नवा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग सुरू करायचाय? परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रे कोणत्या क्रमाने लागतात

विमान भाड्याने मिळाले, वैमानिक तयार, समोरच्या विमानतळाची मंडळी सवलत द्यायलाही राजी. आणि मग कुणीतरी विचारते, ‘त्या देशाशी आपल्या करारात हे शहर आहे का?’ नव्या मार्गाचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. म्हणून कामाला लागायचे ते कराराच्या कागदापासून.

आधी हक्क तपासा

1944 च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावरचा पूर्ण हक्क मान्य केलेला आहे. सहावे कलम सांगते की, नियमित वेळापत्रकाची सेवा दुसऱ्या देशात न्यायची तर त्या देशाची खास परवानगी हवी. ही परवानगी देश एकमेकांना हवाई सेवा करारातून देतात. कोणती शहरे, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने, किती कंपन्या, हे सगळे त्यात ठरते. काही करार अगदी सैल असतात. 1992 मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्स यांनी केलेला ‘ओपन स्काय’ करार त्या वाटेवरचा पहिला. काही करार मात्र एकेका फेरीचा हिशेब ठेवतात.

मूळ करार वाचून थांबू नका. फेऱ्यांचे आकडे बऱ्याचदा नंतरच्या सामंजस्य करारांत किंवा परिशिष्टात बदललेले असतात. वाटेत तिसऱ्या देशात उतरून तिथले प्रवासी पुढे न्यायचे असतील, तर ‘पाचवे स्वातंत्र्य’ लागते आणि त्यासाठी तिसऱ्या देशाचीही संमती हवी. सिंगापूर एअरलाइन्स फ्रँकफर्टहून न्यूयॉर्कला प्रवासी नेते ती याच हक्काच्या जोरावर.

पात्रता कोणाला

पहिला अर्ज स्वतःच्या सरकारकडे करायचा. सरकार कंपनीला त्या मार्गासाठी ‘नियुक्त’ करते आणि समोरच्या सरकारला तसे अधिकृतपणे कळवते. इथे दोन गोष्टी पाहिल्या जातात. एक, कंपनीची बहुतांश मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण नियुक्त करणाऱ्या देशाच्या नागरिकांकडे आहे का. बहुतेक जुन्या करारांत ही अट असतेच. अमेरिकेत तर परदेशी मतदान हक्कांची मर्यादा 25 टक्के आहे. दोन, एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एओसी (व्यावसायिक उड्डाणे चालवण्याचे प्रमाणपत्र), चालू आहे का.

नवी कंपनी असेल तर एओसी हेच सर्वांत लांबलचक काम. पूर्वचर्चा, औपचारिक अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिक तपासणी आणि प्रमाणपत्र असे पाच टप्पे. चौथ्या टप्प्यात तपासनीस प्रवासी नसलेल्या उड्डाणात बसतात आणि केबिन कर्मचारी विमान किती वेळात रिकामे करतात हेही बघतात. पैशांची तपासणी वेगळी होते. युरोपीय संघात नव्या कंपनीला 24 महिन्यांची देणी फेडता येतील हे, आणि पहिल्या 3 महिन्यांचा खर्च एक पैशाचेही उत्पन्न न धरता भागेल हे दाखवावे लागते. दुसरी अट कडक वाटते, पण मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

समोरच्या देशाकडे काय द्यायचे

समोरच्या सरकारकडच्या अर्जासोबत जोडायच्या कागदांत नियुक्तीचे पत्र, एओसी आणि त्यासोबतची ऑपरेशन्स स्पेसिफिकेशन्स (कोणती उड्डाणे कोणत्या अटींवर करता येतील याचा तपशील), भागधारकांची यादी, संचालकांची माहिती आणि लेखापरीक्षित ताळेबंद असतात. प्रत्येक विमानाचे नोंदणी, हवाईयोग्यता आणि ध्वनी प्रमाणपत्र वेगळे. विमान भाड्याचे असेल तर भाडेकरारही द्यावा लागतो. शिवाय सुरक्षा कार्यक्रम, देखभालीचे आणि जमिनीवरच्या सेवेचे करार, आणि विम्याचा दाखला. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार प्रवाशांप्रती असलेल्या जबाबदारीला पुरेसा विमा सक्तीचा आहे.

युरोपात या जोडीला ईएएसएची, म्हणजे युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेची, संघाबाहेरच्या कंपन्यांसाठीची सुरक्षा मान्यता हवी. अमेरिकेत वाहतूक खात्याचा परवाना आणि एफएएची, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाची, मंजुरी अशा दोन पायऱ्या आहेत. तुमच्या देशाच्या नियामकाला एफएएने ‘श्रेणी 2’ (सुरक्षेची देखरेख आंतरराष्ट्रीय मानकांना उतरत नाही) दिली असेल, तर कंपनी कितीही चांगली असो, अमेरिकेला नवी सेवा सुरू करता येत नाही.

स्लॉट: खरी घड्याळाची शर्यत

सरकारी परवानगी म्हणजे विमानतळावर जागा मिळाली असे नव्हे. लेव्हल 3 च्या गर्दीच्या विमानतळांवर उतरण्याची आणि निघण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, समन्वयक देतो, विमानतळाची कंपनी नाही. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या. अर्ज त्याआधी सुमारे पाच ते सहा महिने जायला हवा. जुन्या कंपन्यांचे हक्काचे स्लॉट आधी वाटले जातात. उरलेल्यांतले निम्मे नवागतांसाठी असतात, पण तेवढ्या नवागतांची मागणी असेल तरच.

स्लॉटची वेळ धावपट्टीची नसते, विमान स्टँडवर (उभे राहण्याच्या जागेवर) येण्याची आणि स्टँड सोडण्याची असते, आणि ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची असते. यूटीसीपेक्षा चार तास पुढे असलेल्या शहरासाठी सायंकाळी 6 ही वेळ एका अर्जात तशीच 18:00 म्हणून गेलेली मी पाहिली आहे. समन्वयकाने ती रात्री 10 समजूनच उत्तर दिले. दुसरी अडचण जोडीची. एका टोकाला 10:30 ला निघायची वेळ मिळाली आणि दुसऱ्या टोकाला उतरायची वेळ दोन तास उशिराची मिळाली, तर दोन्ही स्लॉट हातात असून नसल्यासारखे. म्हणून दोन्हीकडचे अर्ज एकाच दिवशी, पर्यायी वेळांसह पाठवावेत.

विमानतळाशी बोलणी

इथे मार्केटिंगवाल्यांच्या आधी अग्निशमन विभागाला भेटा. एअरबस ए320 विमानाला विमानतळावरच्या अग्निशमन सेवेची श्रेणी 6 पुरते, पण लांबीमुळे ए321 ला श्रेणी 7 लागते. कमी उड्डाणांच्या विमानतळाला एका श्रेणीची सूट मिळू शकते, मात्र ती लेखी घ्या.

सवलत मागताना प्रवासी कुठून येतील, सध्या ते कोणत्या दुसऱ्या विमानतळाकडे वळतात आणि विमान दिवसभर कसे फिरेल, हे आकड्यांत मांडा. सवलत सर्व कंपन्यांना त्याच अटींवर खुली असावी लागते. युरोपात 30 लाखांपेक्षा कमी प्रवाशांच्या विमानतळावर नव्या मार्गाला विमानतळ शुल्काच्या 50 टक्क्यांपर्यंत सरकारी मदत मिळू शकते, तीही जास्तीत जास्त 3 वर्षे.

तिकीटविक्री परवानगीआधी सुरू करायची झाली, तर ती देशाच्या नियमात बसते का हे पाहा आणि ‘सरकारी मंजुरीच्या अधीन’ ही ओळ ठळक छापा. मंजुरी लांबली तर उन्हाळी हंगामाचे स्लॉट 15 जानेवारीपर्यंत आणि हिवाळी हंगामाचे 15 ऑगस्टपर्यंत परत करा. ठेवून घेतले आणि वापरले नाहीत तर 80 टक्क्यांचा नियम लागतो, म्हणजे स्लॉट किमान 80 टक्के वेळा वापरावा लागतो: दर मंगळवारच्या 30 फेऱ्यांपैकी 6 चुकल्या तरी चालते, सातवी चुकली की पुढच्या वर्षीचा हक्क गेला.