समाजमाध्यमांवरील भ्रष्टाचारविरोधी अभिव्यक्ती

शासकीय कारभारातील लाचखोरी, टक्केवारी, निकृष्ट कामे आणि सार्वजनिक पैशाचा अपहार यांविषयी नागरिकांनी इंटरनेटवर जाहीरपणे लिहिणे, चित्रफिती टाकणे व सरकारी कागदपत्रे लोकांपुढे आणणे. भारतात ही रीत साधारण २०१० नंतर रुळली. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील अनुभवाचा विचार केला आहे.

त्याआधी लाच मागितली गेल्यावर नागरिकापुढे खात्रीचा असा एकच मार्ग होता : लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करून सापळा लावणे. तक्रारदाराच्या नोटांना अँथ्रासीनची पूड लावतात, पंच सोबत असतात आणि पैसे स्वीकारल्यावर त्या कर्मचाऱ्याचे हात अतिनील दिव्याखाली चमकतात. महाराष्ट्रात त्यासाठी १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. ही पद्धत आजही परिणामकारक आहे; मात्र ती एका वेळी एकाच माणसाला पकडते. फेरफार नोंदीसाठी किंवा वाहन परवान्यासाठी चिरीमिरी देऊन मोकळे झालेल्या असंख्य लोकांचा अनुभव कुठेच नोंदला जात नव्हता.

तो नोंदवण्याचे काम बंगळुरूच्या ‘जनाग्रह’ संस्थेने हाती घेतले. १५ ऑगस्ट २०१० रोजी सुरू झालेल्या ‘आय पेड अ ब्राइब’ या संकेतस्थळावर कोणीही नाव न देता आपण कोणत्या खात्यात, कोणत्या कामासाठी, किती लाच दिली हे लिहू शकत असे. लाच नाकारल्याचे आणि प्रामाणिक अधिकारी भेटल्याचे अनुभवही तेथे घेतले जात. अधिकाऱ्यांची नावे मात्र छापली जात नसत. खोट्या आळापासून संरक्षण हा त्याचा एक हेतू होता, आणि माणसापेक्षा प्रक्रियेतली फट दाखवणे हा दुसरा. कर्नाटकच्या परिवहन खात्याने या नोंदींची दखल घेऊन वाहन परवान्यासाठीच्या चाचणीच्या पद्धतीत सुधारणा केल्या. केनिया, पाकिस्तान आदी देशांत तशीच संकेतस्थळे निघाली. चीनमध्ये २०११ मध्ये निघालेली अशी स्थळे काही आठवड्यांतच बंद पडली.

भारतात या पद्धतीपुढची अडचण २०१८ मध्ये वाढली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मधील दुरुस्तीनंतर लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. बळजबरीने लाच द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच सूट मिळते. त्यामुळे महिन्याभरानंतर स्वतःच्या नावाने ‘मी अमुक इतके पैसे दिले’ असे लिहिणारा कायद्याच्या भाषेत कबुलीजबाब देत असतो. ही गोष्ट लिहिणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते आणि ती ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

या अभिव्यक्तीचा दुसरा प्रकार सरकारी कागदपत्रांवर उभा आहे. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्येच आणला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. दहा रुपये शुल्काच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर देणे त्याने बंधनकारक केले. या कायद्यातील एक तरतूद कमी वापरली जाते, पण ती फार मोलाची आहे : नागरिकाला कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात.

रस्त्याचे उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातली एक चित्रफीत देशभर फिरली. नव्याने केलेल्या रस्त्याचा वरचा थर गावकरी हातांनी चटईसारखा उचलून दाखवत होते. असे दृश्य संताप जागवते; परंतु ठेकेदाराचे देयक थांबवायचे, तर पुढचे काम कागदाचेच असते. अंदाजपत्रकात थराची जाडी किती धरली होती, मोजमाप पुस्तिकेत कनिष्ठ अभियंत्याने किती लिहिली, गुणवत्ता चाचणीचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने कामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) कधी संपतो, हे प्रश्न लेखी विचारावे लागतात. गावाचे नाव, कामाचे नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक सोबत असलेली पोस्ट अधिकाऱ्यांना टाळता येत नाही. ‘सगळेच खातात’ ही पोस्ट त्यांना सहज टाळता येते, कारण तिच्यात उत्तर देण्याजोगे काही नसते.

अण्णा हजारे यांच्या २०११ मधील उपोषणांच्या काळात हे माध्यम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर रस्त्यावरच्या आंदोलनाशी जोडले गेले, आणि त्याच वेळी राज्यसंस्थेचा धाकही दिसून आला. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचे भ्रष्टाचारविरोधी व्यंगचित्रांचे संकेतस्थळ बंद केले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली. कलमांमध्ये राजद्रोहाचाही समावेश होता. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये या प्रकरणात म्हटले की, ही चित्रे भ्रष्टाचाराविषयीच्या राग आणि तिटकाऱ्याने भरलेली आहेत, त्यांत विनोद नाही. पण हिंसेची चिथावणी नसताना तेवढ्यावरून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालता येणार नाही. हा निकाल महत्त्वाचा अशासाठी, की नागरिकाचा राग चतुर किंवा सभ्य असण्याची अट न्यायालयाने घातली नाही. त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये राज्याच्या गृह विभागाने काढलेल्या मराठी परिपत्रकातून शासनावरील टीकाच राजद्रोह ठरेल, असा अर्थ निघत होता. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि ते परिपत्रक मागे घेण्यात आले.

त्रिवेदी प्रकरणातील निकालाच्याच महिन्यात, २४ मार्च २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. ‘त्रासदायक’ संदेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या या कलमाविरुद्धच्या याचिकेला निमित्त झाले होते ते २०१२ मधील पालघरच्या दोन तरुणींच्या अटकेचे. पुढे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या तथ्य पडताळणी विभागाची तरतूद केली. कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. आपल्यावरचा आरोप खरा की खोटा हे सरकारनेच ठरवावे, ही कल्पना मुळातच न्यायाला धरून नव्हती.

बोलणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न याहून गंभीर आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते. ते पत्र नावासह इतर कार्यालयांत फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. तपासाअंती लूटमारीचा हेतू मांडला गेला, तरी नाव फुटलेच कसे या प्रश्नाने देश हादरला. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उघड केले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. अशा व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलातच आणला गेला नाही. गावात राहून सरपंच, ठेकेदार किंवा तलाठ्याविरुद्ध स्वतःच्या नावाने लिहिणारा माणूस त्यामुळे आजही एकटा असतो. अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा त्याच्यावर सहज लावता येतो. विधान सत्य व जनहिताचे होते, हा बचाव त्यालाच सिद्ध करावा लागतो.

अलीकडचा मोठा बदल माहितीच्या स्रोताशी संबंधित आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाईत, म्हणजे गावकऱ्यांच्या जाहीर सभेत, मजुरांचे हजेरीपट मोठ्याने वाचून मृत व परगावी गेलेल्यांच्या नावावर उचललेली मजुरी उघड केली होती. नावाशिवाय तो घोटाळा सापडलाच नसता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील खासगी माहितीविषयीचे पोटकलम बदलले. संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती कोणालाही नाकारता येणार नाही, हे त्यातील परंतुक (मूळ नियमाला जोडलेली अट) काढून टाकले गेले. कलम ८(२) मात्र शिल्लक आहे : जनहित मोठे असेल, तर माहिती देता येते. यापुढे लाभार्थी याद्या किंवा हजेरीपट मागणाऱ्याने ते जनहित कोणते, हे पहिल्या अर्जातच स्पष्ट लिहावे आणि नकार आल्यास प्रथम अपिलात त्याच मुद्द्यावर भर द्यावा.