दर्जा आणि भूमिका

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जोडीने शिकवल्या जाणाऱ्या दोन मूलभूत संकल्पना. सोलापुरात ‘दर्जा’ म्हटले की चादर आठवते आणि बोट आपोआप तिचा पोत चाचपते. समाजशास्त्रातल्या दर्जाचा मात्र चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. सासू, भाडेकरू, नगरसेवक, यंत्रमाग कामगार अशी माणसाची समाजातली जी जागा, ती म्हणजे दर्जा. त्या जागेवरच्या माणसाने कसे वागावे, याविषयी इतरांच्या अपेक्षा असतात. त्यांतून भूमिका घडते. या जोडीची पद्धतशीर मांडणी अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये केली. दर्जातले हक्क आणि कर्तव्ये माणूस प्रत्यक्षात आणतो, तेव्हा तो भूमिका वठवत असतो, असे त्यांचे म्हणणे.

जन्म, लिंग, वय यांमुळे मिळतो तो अर्पित दर्जा आणि प्रयत्नाने मिळवलेला तो अर्जित, हा भेदही लिंटन यांचाच. परीक्षेत तो दोन रकान्यांत मांडला की गुण मिळतात. शहरात फिरताना रकाने टिकत नाहीत. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांचा मान परंपरेने ठरलेला, म्हणजे अर्पित. पण पांढरी बाराबंदी घातली म्हणून ती उंच काठी कमरेवर तोलता येत नाही. त्यासाठी यात्रेआधी कितीतरी दिवस सराव चालतो, आणि गर्दीचे डोळे मान कोणाचा यापेक्षा तोल कोणाला साधला यावर असतात.

उलटे उदाहरण सोलापूरच्या पूर्व भागातले. इथल्या तेलुगूभाषक घरांत आई मांडीवर सूप घेऊन बसते, तेंदूचे पान कात्रीने मापात कापते, तंबाखू भरून वळते, दोरा गुंडाळते. शेजारी बसलेली मुलगी नुसते बघता बघता शिकते. पुढे ती विडी कामगार झाली, तर व्यवसाय म्हणून हा दर्जा अर्जित धरला जाईल. तिने तो निवडला असे म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

एका दर्जाला एकच भूमिका चिकटलेली नसते. रॉबर्ट मर्टन यांनी १९५७ मध्ये यासाठी ‘भूमिकासंच’ ही कल्पना मांडली : तीच विडी कामगार तपासनीसापुढे एक, युनियनच्या मोर्चात दुसरी, सोबत विड्या वळणाऱ्या शेजारणींत तिसरी. एकाच दर्जातल्या मागण्या परस्परांना ओढू लागल्या तर भूमिका-ताण. दोन वेगळे दर्जे आपसांत भिडले तर भूमिका-संघर्ष. विद्यार्थी या दोन संज्ञांची हमखास अदलाबदल करतात. तपासनीसाच्या पुढ्यात सख्ख्या मेहुणीच्या विड्या आल्या आणि त्यातल्या सैल वळलेल्या बाजूला काढायच्या आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर घोळ होत नाही : तो तपासनीसही आहे आणि मेहुणाही, म्हणून हा संघर्ष.

काही दर्जे बाकीच्यांवर सावली धरतात. प्रमुख दर्जाची ही कल्पना एव्हरेट ह्यूज यांच्या १९४५ च्या लेखनातून पुढे आली. सोलापुरात कापडगिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. त्यातला एखादा कामगार पुढे वीस वर्षे रिक्षा चालवत राहिला, तरी गल्लीच्या तोंडी तो ‘मिलवाला’च. भूमिका वठवायला गिरणीच उरली नाही, दर्जा मात्र हाकेत शिल्लक आहे.