फ्लोरिडात समुद्रावर गळ टाकायचाय? परवान्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

फ्लोरिडाच्या समुद्री मासेमारी परवान्यांच्या दरपत्रकात १७ डॉलर हा आकडा दोनदा येतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो. राज्यातल्या रहिवाशाचा वर्षभराचा परवाना १७ डॉलरला मिळतो. बाहेरून आलेल्या माणसाचा तीन दिवसांचा परवानाही १७ डॉलरलाच. पर्यटक यादी बघतो, तेवढ्याच पैशात वर्षभराचा मिळतोय म्हणून खूश होतो आणि रहिवाशाचा परवाना घेऊन बसतो. पैसे कापले जातात, कागद ईमेलवर येतो, सगळं रीतसर झाल्यासारखं वाटतं. जेटीवर अधिकारी ओळखपत्र मागतो तेव्हा कळतं की हातातल्या कागदाला काडीची किंमत नाही.

तुमच्यासाठीचे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पर्यटकासाठीचे, दर असे: ३ दिवस १७ डॉलर, ७ दिवस ३० डॉलर, वर्षभर ४७ डॉलर. यावर विक्रीचं थोडं सेवाशुल्क लागतं. आता ३० आणि १७ची बेरीज करून बघा. सात दिवसांचा संपल्यावर तीन दिवसांचा घ्यायची वेळ आली तर वर्षभराच्या परवान्याइतकेच पैसे जातात. मुक्काम आठवड्यापेक्षा जास्त असेल आणि मासेमारीचे दिवस पुढेमागे होण्यासारखे असतील, तर सरळ वर्षभराचाच घ्या.

रहिवासी कोण, याची व्याख्या कडक आहे. फ्लोरिडा हेच आपलं एकमेव निवासाचं राज्य आहे असं जाहीर केलेलं असावं लागतं आणि त्याचा पुरावा म्हणजे फ्लोरिडाच्या पत्त्याचं तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र. मुलाकडे चार महिने राहायला गेलेले आईवडील यात बसत नाहीत. मुलाचं घर, मुलाची बोट, मुलाच्या नावावरचं वीजबिल, यांतलं काहीही चालत नाही. आजोबांच्या बाबतीत आणखी एक गैरसमज हमखास होतो. ६५ वर्षांवरच्यांना परवाना लागत नाही असं कुणीतरी सांगतं, आणि ते खरंही आहे, पण फक्त रहिवाशांसाठी. पाहुण्या आजोबांना सत्तरीतही परवाना काढावा लागतो. नातवाला मात्र, तो १६ वर्षांखालचा असेल तर, साधा परवाना लागत नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो.

असाच चकवा किनाऱ्यावरून मासेमारी करण्याच्या फुकट परवान्याचा. शून्य डॉलरचा असा परवाना आहे, यादीत ठळक दिसतो आणि तोही फक्त रहिवाशांसाठी आहे. पर्यटकाने वाळूवर उभं राहून गळ टाकला, पुलावरून टाकला किंवा गुडघाभर पाण्यात उतरून टाकला, तरी त्याला पैसे भरलेला परवाना हवा. ‘आम्ही बोटीत बसणारच नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. ‘मासा पकडून लगेच सोडून देणार’ हाही चालत नाही. कायद्याच्या लेखी मासा पकडण्याचा प्रयत्न म्हणजेच मासेमारी, हाती काही लागो न लागो. नवऱ्याच्या नावावर परवाना आणि फोटोपुरता रॉड बायकोच्या हातात, दोरी पाण्यात, हे दृश्य प्रत्येक जेटीवर दिसतं. त्या क्षणी मासेमारी ती करत असते आणि परवाना तिच्याकडे नसतो.

परवाना कधी लागत नाही, तेही बघू. कॅप्टनसह भाड्याने घेतलेल्या चार्टर बोटीवर त्या बोटीचाच परवाना प्रवाशांना लागू होतो. वेगळा काढून पैसे वाया घालवू नका, पण बुकिंग करतानाच ‘बोटीच्या परवान्यात आम्ही येतो ना?’ असं लेखी विचारून ठेवा. ज्या पिअरने (समुद्रात आत गेलेल्या मासेमारीच्या धक्क्याने) स्वतःचा परवाना घेतलेला आहे तिथेही तुम्हाला वेगळा लागत नाही. टँपा उपसागरावरचा स्कायवे पिअर हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मात्र तिथे पेलिकन पक्षी दोऱ्यांमध्ये अडकून जखमी व्हायला लागल्यापासून वेगळे नियम आहेत: माणशी दोनच रॉड आणि दरवर्षी करायचा एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम. एका पिअरवर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल, असं मात्र धरून चालू नका. गेटवरच्या माणसाला विचारायला अर्धं मिनिट लागतं. शिवाय वर्षातले चार दिवस सगळ्यांना समुद्री परवाना माफ असतो: जूनचा पहिला शनिवार आणि रविवार, सप्टेंबरचा पहिला शनिवार आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरचा) शनिवार. माफी परवान्यापुरतीच, माशाच्या मापाचे आणि संख्येचे नियम त्या दिवशीही लागू असतात.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती भाड्याच्या बोटीवर. कॅप्टन असलेली चार्टर आणि कॅप्टनशिवाय तासावर मिळणारी पाँटून (तरंगत्या नळ्यांवरची सपाट) बोट, दोन्हीला आपण बोलताना ‘भाड्याची बोट’च म्हणतो. कायद्यासाठी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ली तुमच्या हातात आली की ती खासगी बोट. मग बोटीवर गळ टाकणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला स्वतःचा परवाना हवा. सहा जणांत एक परवाना चालत नाही.

याच बोटीसाठी असा एक कागद लागतो जो जवळपास कुणाकडेच नसतो. १ जानेवारी १९८८ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला फ्लोरिडात १० अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवायची असेल, तर बोट सुरक्षा शिक्षणाचं कार्ड आणि सोबत फोटो ओळखपत्र जवळ लागतं. पर्यटकासाठी सोपा मार्ग म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र. त्याची परीक्षा ऑनलाइन देता येते आणि पास झाल्यावर ते ९० दिवस चालतं. भाड्याने बोट देणारे हे बघितल्याशिवाय किल्ली देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. लोक सकाळी सात वाजता धक्क्यावर उभे राहून मोबाइलवर परीक्षा देतात, नापास होतात आणि भरतीची वेळ हातची जाते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरी बसून हे उरका. कुटुंबात १९८८च्या आधी जन्मलेलं कुणी असेल तर सुकाणू त्यांच्याकडे देण्याचाही पर्याय आहे.

आता अर्ज. परवाने एफडब्ल्यूसी, म्हणजे राज्याचा मत्स्य आणि वन्यजीव आयोग, देतो. विक्री ‘गो आउटडोअर्स फ्लोरिडा’ या संकेतस्थळावर, ‘फिश हंट एफएल’ या ॲपवर, काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) टॅक्स कलेक्टर कार्यालयात आणि गळ-आमिषाच्या दुकानांत होते. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. ‘मदत करतो’ म्हणत जादा पैसे घेणारी मधली संकेतस्थळं बरीच आहेत.

फॉर्म दहा मिनिटांचा आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला तारखेचा. तिथे महिना आधी लिहितात. ०४/०७ म्हणजे तिकडे ७ एप्रिल, ४ जुलै नव्हे. जन्मतारीख अशी उलटी पडली की परवान्यावरची तारीख पासपोर्टशी जुळत नाही. सुरुवातीची तारीख उलटी पडली तर परवाना तुम्ही विमानात बसण्याआधीच संपलेला असतो किंवा परत आल्यावर सुरू होतो. दिवस १२च्या पुढचा असेल तर फॉर्म चूक पकडतो, १२ किंवा त्याआधीचा असेल तर गुपचूप स्वीकारतो. शिवाय तीन दिवस म्हणजे सलग तीन दिवस. शुक्रवार, शनिवार आणि मग मंगळवार असं वेचून घेता येत नाही. सुरुवातीची तारीख पहिल्यांदा गळ टाकणार त्या दिवसाची द्या, खरेदीच्या किंवा पोहोचण्याच्या दिवसाची नको. पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका आणि परवाना दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही.

दुसरा खड्डा नाव आणि पत्त्याचा. नाव पासपोर्टवर जसं आणि ज्या क्रमाने आहे तसंच लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल तर ते आडनावाच्या चौकटीत ढकलू नका. पत्ता कायमचा विचारलेला असतो, म्हणून हॉटेलचा किंवा मुलाचा पत्ता टाकून मोकळं होऊ नका. त्याने तुम्ही फ्लोरिडाचे रहिवासी असल्याचा भास होतो आणि मग नको त्या शंका निघतात. देशाचं नाव आधी निवडा, मग पिनकोड लिहा. आपला पिन सहा अंकी आणि त्यांचा झिप पाच अंकी.

तिसरा खड्डा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा. मासेमारीच्या परवान्याला हा क्रमांक कशाला, असं कुणालाही वाटेल. मुलांच्या पोटगीचे पैसे थकवणाऱ्यांना शोधता यावं म्हणून अमेरिकेच्या संघीय कायद्याने तो राज्यांना मागायला लावला आहे. माशांशी त्याचा काही संबंध नाही, पण फॉर्मवर तो विराजमान आहे. पर्यटकाकडे हा क्रमांक नसतोच. अशा वेळी मुलाचा किंवा भाच्याचा क्रमांक टाकणं, किंवा नऊ शून्यं दाबून बघणं, हा स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा आहे. ओळख म्हणून पासपोर्ट द्या. ऑनलाइन गाडं पुढे सरकत नसेल तर मूळ पासपोर्ट घेऊन टॅक्स कलेक्टरच्या कार्यालयात किंवा परवाने विकणाऱ्या दुकानात जा. तिथला माणूस समोर बसून नोंद करून देतो.

परवाना मिळाला म्हणजे सगळे मासे मोकळे झाले असं नाही. लोकांच्या हातून सर्वांत जास्त सुटणारी गोष्ट फुकट आहे, तरी सुटते: ‘स्टेट रीफ फिश अँगलर’ ही नोंद. खासगी बोटीवरून (म्हणजे तुमच्या त्या पाँटूनवरूनही) रेड स्नॅपर, यलोटेल स्नॅपर, गॅग, रेड ग्रुपर, अँबरजॅक, ट्रिगरफिश, हॉगफिश अशा खडकाळ तळावरच्या १३ जातींपैकी काहीही पकडायचं असेल तर ही नोंद लागते. आपल्याकडच्या तांबोशाचे आणि हेकरूचे हे भाऊबंद, म्हणजे नेमके तेच मासे ज्यांच्यासाठी माणूस बोट घेतो. शुल्क शून्य. कुणी किती पकडतंय याचा अंदाज घ्यायला आयोग या यादीतल्या लोकांना प्रश्नावली पाठवतो, त्यासाठीच ही नोंद. खरेदी करतानाच परवान्याबरोबर ती टोपलीत टाका. फुकट गोष्ट आपोआप लागू होत असेल असं लोक धरून चालतात. ती होत नाही.

स्नूक नावाचा मासा किंवा शेवंड ठेवायची असेल तर प्रत्येकी १० डॉलरचा वेगळा परमिट. पण परमिटने हंगाम उघडत नाही. स्नूकला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बंदी असते, म्हणजे नाताळची सुट्टी आणि जून ते ऑगस्टची शाळेची सुट्टी दोन्ही बंदीतच जातात. परमिट मात्र तेव्हाही विकत मिळतो, कुणी अडवत नाही. शेवंडीचा हंगाम ६ ऑगस्ट ते ३१ मार्च, त्याशिवाय जुलैअखेरचे सलग आलेले बुधवार-गुरुवार. शेवंडीच्या पाठीच्या कवचाची लांबी ३ इंचांपेक्षा जास्त हवी. ती पाण्यातच मोजायची, बोटीवर आणून नव्हे, म्हणून मोजपट्टी पाणबुड्याजवळ हवी. पोटाखाली अंडी असलेली मादी तशीच सोडायची.

रात्री किनाऱ्यावरून मोठी मुशी पकडायचा बेत असेल तर किनाऱ्यावरच्या शार्क मासेमारीचा वेगळा परमिट लागतो. तो फुकट आहे, पण आधी ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करायचा, मगच परमिट मिळतो आणि दरवर्षी हेच पुन्हा. हॅमरहेड, टायगर, लेमन या जाती बंदीत आहेत. त्या गळाला लागल्या तर पाण्यात ठेवूनच सोडायच्या. वाळूवर ओढून फोटो काढणं हाच गुन्हा. टार्पन या मोठ्या माशाचंही असंच: ४० इंचांपेक्षा मोठा टार्पन पाण्याबाहेर उचलायचा नाही. स्वतः टाकलेला अभिमानाचा फोटो आपल्याच विरोधातला पुरावा ठरू शकतो.

मासा ठेवणार असाल तर धक्क्यावर येईपर्यंत त्याचं डोकं आणि शेपूट कापू नका. मोजमाप त्यावरच होतं. बर्फाच्या पेटीत तुकडे नीट रचून ठेवलेले दिसले की मासा कायदेशीर मापाचा होता हे सिद्ध करायला काही उरत नाही. आणि पकडलेला मासा विकायचा नाही, शेजारच्या रेस्टॉरंटला पाच डॉलरलासुद्धा. त्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो आणि तो पर्यटकाच्या आवाक्यातला नाही.

परवाना फोनमध्ये चालतो, पण कीज या दक्षिणेकडच्या बेटांच्या पुलांवर आणि एव्हरग्लेड्सच्या खारफुटीत नेटवर्क दगा देतं. पीडीएफ उतरवून ठेवा, एक छापील प्रत पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा आणि सोबत पासपोर्टची प्रत. एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कच्या खाऱ्या पाण्यात हाच फ्लोरिडाचा परवाना चालतो, प्रवेशशुल्क वेगळं.

एवढं करूनही विनापरवाना सापडलात तर पहिल्या वेळचा दंड ५० डॉलर अधिक परवान्याची किंमत. रक्कम फार नाही, म्हणूनच लोक ती गंभीरपणे घेत नाहीत. अधिकाऱ्याने दिलेली दंडाची चिठ्ठी खिशात घालतात, विमानात बसतात आणि विसरतात. ती भरायला किंवा तिला हरकत घ्यायला ३० दिवस असतात. भरली तर प्रकरण दिवाणी दंडावर मिटतं. दुर्लक्ष केलं तर ते फौजदारी गुन्ह्यात जातं आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जावर त्याचं उत्तर लिहायची वेळ येते. चिठ्ठीवर काउंटीच्या न्यायालयाच्या क्लार्कचा पत्ता असतो. परतीच्या विमानाआधी तिथे पैसे भरा आणि पावती परवान्याच्याच पिशवीत ठेवा.