कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातील ‘रॉ’चा वाद : पार्श्वभूमी

कोकणात निसर्गछायाचित्रण करणाऱ्यांना कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा हवा असतो तो प्रामुख्याने वजनासाठी. दाभोळची फेरीबोट, पुढे दुचाकी आणि शेवटी सड्यावरची पायपीट असा दिवस असेल, तर जड बॅग नकोशी होते. मात्र इथला पावसाळी उजेड कॅमेऱ्यातल्या छोट्या सेन्सरला, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपला, झेपत नाही. भिजलेला जांभा जवळजवळ काळा दिसतो आणि त्याच चौकटीत समुद्रावरचे आभाळ पांढरेफटक असते. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः प्रक्रिया करून आकसून साठवलेल्या चित्रात, आभाळाचे तपशील एकदा पांढऱ्यात हरवले की परत मिळत नाहीत, आणि ते सांभाळावे तर दगडाची लाली व त्यातली भोके काळोखात बुडतात. रॉ फाइलचा, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवणाऱ्या आणि नंतर उजेड-अंधार सावरायला वाव देणाऱ्या फाइलचा, आग्रह यातूनच आला.

वाद पेटला तो २००६ मध्ये. एका आघाडीच्या जपानी कंपनीने आपल्या वरच्या श्रेणीतील कॉम्पॅक्टचे १० मेगापिक्सलचे नवे मॉडेल आणले आणि आधीच्या ७ मेगापिक्सलच्या मॉडेलमध्ये असलेली रॉची सोय त्यातून काढून टाकली. डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांचा) खप राखण्यासाठीच हे केले, असा संशय तेव्हा उघडपणे बोलला गेला. तो खरा असो वा नसो, अडचण यंत्राची नव्हती. कारण हौशी प्रोग्रामरांनी मेमरी कार्डावरून चालणारे सॉफ्टवेअर लिहून त्याच कॅमेऱ्यातून रॉ फाइल काढून दाखवली. २००७ च्या मॉडेलमध्ये कंपनीने ही सोय मुकाट्याने परत दिली. ग्राहकाने न मागितलेले मेगापिक्सल वाढवून मागितलेली गोष्ट काढून घेण्याचा इतका ठळक नमुना दुसरा सापडणे कठीण.

मेगापिक्सलची हाव त्यानंतरही सुटली नाही. २००८ मध्ये त्याच मालिकेला २८ मिमीइतक्या रुंद कोनाची लेन्स मिळाली, पण जेमतेम साडेसात मिमी रुंदीच्या सेन्सरवर १४.७ मेगापिक्सल कोंबण्यात आले. पुढच्याच वर्षी हा आकडा १० वर आणावा लागला. अशा सेन्सरवर एफ/८ हे ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र बारीक) म्हणजे फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने साधारण एफ/३६, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवून लाटा धूसर करण्यासाठी ॲपर्चर बारीक करावे तर सगळे चित्रच मऊ पडते.

२०१२ मध्ये ‘एक इंची’ म्हणवणाऱ्या मोठ्या सेन्सरचे आणि २०१३ मध्ये त्याहून मोठ्या, बहुतेक डीएसएलआरमध्ये असणाऱ्या एपीएस-सी मापाच्या सेन्सरचे खिशात मावणारे कॅमेरे आले, तेव्हा हा प्रश्न बराचसा मिटला. खारी हवा आणि आडवा पाऊस यांचा विचार मात्र त्यांत नव्हता. पाण्यात चालणाऱ्या एका लोकप्रिय मालिकेला रॉ मिळाले ते २०१५ मध्ये, तेही नखाएवढ्या सेन्सरवर. फुल-फ्रेम सेन्सर, २८ मिमीची लेन्स आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण हे तिन्ही एकत्र देणारा एक जर्मन कॅमेरा २०१९ मध्ये आला खरा. त्याची किंमत होती जवळपास पाच हजार डॉलर.