नोकार्डिया : जुन्या खोकल्याआड लपणारा मातीतला जिवाणू

सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा आजार) असलेल्या रुग्णाला खोकला नवा नसतो. तो वाढला, अंगात बारीक ताप राहू लागला, वजन उतरलं, तरी जुन्याच दुखण्यानं उचल खाल्ली असं घरचे धरून चालतात, आणि पुष्कळदा डॉक्टरही. क्वचित मात्र यामागे नोकार्डिया असतो.

हा जिवाणू मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात जगभर सापडतो. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्यानं 1888 मध्ये तो गुरांच्या एका आजारात ओळखला. धुळीबरोबर तो श्वासातून आत जातो. निरोगी श्वासनलिकेतले सूक्ष्म केस त्याला कफासकट वर ढकलतात. सीओपीडीत हे केस निकामी झालेले असतात, ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये नळ्या रुंदावून त्यांत कफ साचलेला असतो. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू असल्या की प्रतिकारशक्तीही मंदावते. संरक्षक पेशींनी गिळलं तरी काही नोकार्डिया मरत नाहीत. पेशीतले पाचक रस ते स्वतःपर्यंत पोहोचूच देत नाहीत.

खरी अडचण प्रयोगशाळेत येते. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात, जणू बुरशीच. तपासणीसाठी लावलेला रंगही तो क्षयाच्या जंतूसारखा धरतो, पण अर्धवट: कडक आम्लानं धुतल्यास रंग निघून जातो, सौम्य आम्लानं धुतल्यास टिकतो. एक्स-रेमधल्या गाठी आणि पोकळ्याही क्षयासारख्याच, त्यामुळे कित्येकांना आधी क्षयाची औषधं दिली जातात. वाढही संथ. कफातले जंतू वाढवून पाहायच्या नेहमीच्या कल्चर प्लेट दोन-तीन दिवसांत टाकून देतात, आणि याला कधीकधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तपासणीच्या कागदावर ‘नोकार्डियाची शंका’ एवढे दोन शब्द डॉक्टरांनी लिहिले, तर निदान होण्याची शक्यता खूप वाढते. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

उशीर महागात पडतो, कारण रक्तावाटे हा जिवाणू मेंदूत जाऊन तिथे गळू करू शकतो. डोकेदुखी नसली तरी मेंदूचं स्कॅन करतात ते यासाठीच.

उपचार आहेत. कोट्रायमॉक्सॅझोल हे जुनं, स्वस्त औषध बहुधा लागू पडतं. आजार गंभीर असेल तर जोडीला इंजेक्शनं देतात. प्रजातीनुसार औषधाला मिळणारी दाद बदलते, म्हणून प्रजातीही तपासतात. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण 6 ते 12 महिने घ्यावं लागतं, कारण मध्येच सोडल्यास आजार उलटतो. स्टिरॉइड मात्र रुग्णानं आपल्या मनानं बंद करू नये, ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात. आणि हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, तेव्हा रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही.