मुहूर्त 12.35 चा, टाळी दीडची

लग्नपत्रिकेवर ‘दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी’ असं छापलेलं असतं. साडेबारा नाही, पाऊण नाही, नेमकी पस्तीस मिनिटं. आणि ती पत्रिका हातात घेऊन बीड-परभणीकडचा कोणताही सोयरा साडेबाराला घरून निघतो. लग्न लागल्याची टाळी वाजते ती दीडला. या गमतीला ‘आपली माणसंच आळशी’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. लग्नाची वेळ आधी वेगळ्या साधनाने मोजली जायची आणि पाहुणे वेगळ्या रीतीने यायचे. दोन्ही बदललं, छापायची पद्धत तेवढी राहिली.

मुळात ‘लग्न’ हा शब्दच वेळेचा. पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास म्हणजे लग्न. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, म्हणजे एकेक सरासरी दोन तास. त्यातला नववा भाग, नवमांश, जेमतेम 13 मिनिटांचा. जोशीबुवा मिनिटं मोजत बसतात ती यामुळे.

ही मिनिटं मोजायला घड्याळ नव्हतं तेव्हा घटिकापात्र होतं. पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटकांचा दिवस, 60 पळांची घटका, दोन घटकांचा मुहूर्त. वाटीची पूजा व्हायची आणि तिच्याजवळ माणूस बसवलेला असायचा. ‘घटका भरत आली’ हे आपण आज आजारी माणसाबद्दल बोलतो. मांडवात मात्र ते अक्षरशः खरं असायचं. मंगलाष्टकातलं एक जुनं कडवं तर सरळ कामाची यादीच सांगतं: घटिका जवळ आली, नवऱ्याला आणा, अंतरपाट धरा, वाजंत्र्यांचा गलबला करू नका. शेवटची सूचना आजच्या डीजेवाल्याला कोणी ऐकवत नाही.

त्या काळी पाहुणे वेळेवर यायचे का, हा प्रश्नच पडत नसे. ते आदल्या दिवशीच आलेले असत. वऱ्हाड बैलगाड्यांनी यायचं, जानवशाला उतरायचं. सीमांतपूजन, हळद, रुखवत, मानपान, रुसवेफुगवे असं सगळं दोन-चार दिवस चालायचं. माणसं तिथेच झोपलेली, तिथेच जेवलेली. वाटी बुडाली की सगळ्यांना मांडवात हाक मारायची, बस्स. पाहुण्यांना वेळ पाळावी लागत नव्हती, गावचा जोशी ती पाळत होता.

मग गाडी आली. 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे जाणारी मीटरगेज सुरू झाली. निजामाच्या रेल्वेखात्याने 1932 मध्ये प्रवासी बसही काढली. पुढे एस.टी. गावागावात गेली, आणि त्यानंतर टेम्पो, ट्रॅक्टर, क्रूझर. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येऊ लागलं तसं लग्न एका दिवसाचं झालं. मुक्काम गेला. पाहुणा मुहूर्ताच्या ‘वेळेला’ येऊ लागला, आणि येताना चुकायलाही लागला.

वेळ तरी कोणाची? आपल्या मनगटावरची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, म्हणजे तिकडे प्रयागराजजवळची. सूर्याच्या हिशेबाने नांदेड तिच्या सुमारे 21 मिनिटं मागे, छत्रपती संभाजीनगर जवळपास 29. त्यामुळे आपल्याकडे माथ्यावरचं ऊन बाराला येत नाही, सव्वाबारा-साडेबाराच्या बेतात येतं. मध्यान्हीचा अभिजित मुहूर्त 48 मिनिटांचा, तो याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. पत्रिकांवर साडेबाराच्या आसपासच्या वेळांची एवढी दाटी का, याचं एक कारण इथे सापडतं. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला तर घड्याळ लागतच नव्हतं. गुरं धूळ उडवत परत आली की झालं. आता गुरं कमी आणि पत्रिकेवर ‘गोरज, 6 वाजून 42 मिनिटे’.

सगळ्यांची लग्नं पंचांगावर लागत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं. सत्यशोधकांनी 1873 पासूनच भटजीला फाटा दिला. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांत मुहूर्ताशिवाय मंगल परिणय होऊ लागले. निकाहाच्या पत्रिकेवर ‘बाद नमाज-ए-असर’, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर, असं लिहिलेलं दिसतं, आणि नमाज काही कोणासाठी थांबत नाही. पण उशीर या सगळ्या मांडवांत कमीजास्त असतोच. म्हणून दोष एकट्या पंचांगाच्या माथी मारता येत नाही.

खरा घोळ मला दाट तिथीचा वाटतो. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर ते सुरू होतात, पण रब्बी निघेपर्यंत शेतकऱ्याकडे ना सवड ना पैसा. मग सगळं चैत्र-वैशाखात, चाळीस अंशांच्या वर पारा गेलेला असताना येऊन कोसळतं. एका दिवसात एका माणसाला चार लग्नं. गंगाखेडला तोंड दाखवायचं, परळीला अक्षता टाकायच्या, अंबाजोगाईला आहेर करायचा. पाहुणे यायचेत म्हणून यजमान थांबतो, आणि यजमान थांबणारच म्हणून पाहुणा उशिरा निघतो. त्यात नवरदेव मारुतीच्या पाराकडून निघतो तो प्रत्येक चौकात नाचणाऱ्यांसाठी खोळंबत. त्यावर पुढारी. साहेबांची गाडी ‘पाच मिनिटांत पोहोचतेय’ असं माईकवर तीनदा सांगून होतं. ते आले की फेटे, शाल, सत्कार, आशीर्वादाची भाषणं. नवरी तोवर स्टेजवर घाम पुसत उभी. भाषण अक्षतांच्या आधी, ही रीत कोणत्या शास्त्रात आहे ते एखाद्या जोशीबुवांनी सांगावं.

एकदा मात्र सरकारनेच वेळ ठरवली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल 2021 मध्ये, लग्न दोन तासांत आणि 25 माणसांत उरकायचं, नाहीतर 50 हजार दंड, असा हुकूम निघाला. निर्बंध उठले आणि साहेब, डीजे, चार चौक सगळं परत आलं.

लोकांनी आपल्यापुरती तोड मात्र काढलीय. पूर्वी अक्षता पडल्याशिवाय पंगत बसत नसे. आता मंगल कार्यालयात साडेअकरालाच बुंदी वाढायला घेतात. उशिरा पोहोचलेला पाव्हणा दारातच विचारतो, “लगीन लागलं का, मामा?” आणि हात धुऊन बाहेर पडणारे मामा सांगतात, “न्हाई आजून, पण जेवणं चालू हायेत. बसून घे.”