बोआची पिल्लं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, हे इथवर आलं कसं

घरात पाळलेली बोआ, म्हणजे परदेशी साप, व्यायली म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, अंडी कुठे ठेवलीत? अहो अंडी नसतातच. आपली घोणस, मांडूळ, हरणटोळ जशी थेट पिल्लं देतात तशीच बोआ पण देते, एका वेळी वीस-पंचवीस, कधी त्याच्या दुप्पटसुद्धा. दुसरा प्रश्न असतो, हे कायद्यात बसतं का? बसतं, पण कागद असतील तरच, आणि ते का हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

बोआ कन्स्ट्रिक्टर हे नाव 1758 सालचं, लिनियसने दिलेलं. प्राणी मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतचा, आपल्या सह्याद्रीशी काही संबंध नाही. मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबियाकडचे जरा लहान असतात आणि त्यांना बरेच तज्ज्ञ आता बोआ इम्परेटर म्हणून वेगळी जात मानतात, लोकांच्या घरात जे दिसतात ते बहुतेक हेच. सुरुवातीला हे सगळे जंगलातून पकडून अमेरिका-युरोपच्या बाजारात जायचे. होंडुरासच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा फिकट गुलाबीसर बोआ, ज्याला शौकीन लोक हॉग आयलंड म्हणतात, तो तर सत्तर-ऐंशीच्या दशकांत इतका उचलला गेला की बेटावर दिसेनासा व्हायला आला होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पाळलेल्या सापाची पिल्लं चांगली की वाईट हा वाद घालताना लोक हे विसरतात की दुसरा पर्याय जंगल ओरबाडायचा होता.

1977 मध्ये बोआ कुळाचं नाव साइट्स, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं, म्हणजे परदेशात न्यायचा तर परमिट लागणार. त्याच सुमारास ब्रीडर लोकांचा जम बसायला लागला. मग आले मॉर्फ, म्हणजे वेगळ्या रंगा-नक्षीचे प्रकार. अल्बिनो, मोटली, हायपो वगैरे. एखादा वेगळ्या रंगाचा साप सापडला की त्याची जोडी लावायची, पिल्लांतून रंग पक्का करायचा आणि मोठ्या किमतीला विकायचा. यात सगळंच गोड नाही, मोटलीच्या जनुकाच्या दोन प्रती एकाच पिल्लात आल्या की जवळजवळ काळी पिल्लं होतात आणि ती बहुतेक लहानपणीच जातात, हे माहीत असून मोटलीशी मोटली लावणं मला अजिबात पटत नाही.

याच रंगाच्या नादातून विज्ञानाला एक भारी गोष्ट मिळाली. अमेरिकेत एका कॅरमल रंगाच्या मादीने दोन विणींत मिळून 22 पिल्लं दिली, सगळ्या माद्या आणि सगळ्यांचा रंग आईसारखाच कॅरमल, जो रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून यावा लागतो, आणि सोबतच्या नरांकडे नव्हताच. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी डीएनए तपासला तर बापाचा अंशही नाही, 2010 मध्ये हे छापून आलं. याच मादीने आधी नराकडून साधी पिल्लंही दिली होती, म्हणजे नर मिळाला नाही म्हणून असं झालं असंही नाही. तेव्हा समज असा की सापांत मादीची लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेड-डब्ल्यू, मग ही पिल्लं डब्ल्यू-डब्ल्यू असूनही जगली कशी हे मोठं कोडं झालं, आणि 2017 ला कळलं की बोआ आणि अजगरांत पद्धत आपल्यासारखी एक्स-वाय आहे, मादी एक्स-एक्स, त्यामुळे एकट्या आईच्या पिल्लांत सगळ्या मुलीच येणार, कोडं तिथेच सुटलं.

आता घरातलं बोलू. थंडीत रात्रीचं तापमान थोडं उतरलं की नर मागे लागतो, शेपटीजवळच्या नखांनी मादीला खाजवत राहतो, ती नखं म्हणजे मागच्या पायांचे उरलेले अवशेष. मग एक दिवस मादीचं पोट मधोमध फुगतं, नंतर ती कात टाकते आणि त्या कातीपासून साधारण चार महिने मोजायचे. गाभण मादी उबेच्या जागेवर अंग वाकडं करून पोट वर करून पडते, पहिल्यांदा बघणारा घाबरून डॉक्टरला फोन करतो. पिल्लं पारदर्शक पिशवीत येतात, नाकाने ती फाडून बाहेर येतात, अंगाला पिवळसर बलकाचा अंश असतो, सोबत काही न फळलेले पिवळे गोळे पडतात ज्यांना ब्रीडर स्लग म्हणतात. आठ-पंधरा दिवसांत पहिली कात, मगच पहिलं खाणं, छोटा उंदीर. आपल्याकडे बाळंतपण बहुतेक पावसाळ्याच्या आगेमागे येतं, ठाण्याची दमट हवा पिल्लांना कात टाकायला बरी पण बुरशी आणि लाइट जाण्याचं टेन्शन वेगळंच.

आणखी एक, जोडी लावायच्या आधी क्वारंटाइन. आयबीडी नावाचा रोग बोआ पाळणाऱ्यांना सत्तरच्या दशकापासून छळतोय, त्यामागचा विषाणू 2012 ला सापडला, आणि तो आईकडून पिल्लांना जातो हेही दिसलंय. टेस्ट न करता जोडी लावली तर अख्खी वीण जाऊ शकते.

भारताचं सांगायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात मांडूळ, अजगर असे आपले साप पाळणं गुन्हाच, पण परदेशी प्राण्यांवर फारसं लक्ष नव्हतं. जून 2020 मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती द्यायची योजना आणली, मुदतीत सांगा, कागद विचारणार नाही. मग 2022 ची दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून लागू, साइट्समधल्या जातींसाठी वेगळी अनुसूची आली आणि 28 फेब्रुवारी 2024 ला नियम निघाले, ऑगस्ट अखेरपर्यंत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा म्हणून. आता नोंदणी तर हवीच, शिवाय पिल्लू जन्मलं, मेलं, दुसऱ्याला दिलं, सगळं कळवायचं. काहींना कटकट वाटते, मला नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत साप सापडल्याच्या बातम्या येतात ना, तो माल आणि घरी झालेलं पिल्लू यांतला फरक कागदाशिवाय सिद्ध करायचा कसा?

दुसरी भीती सोडून देण्याची. फ्लोरिडात मायामीजवळ डीअरिंग इस्टेटमध्ये बोआ सत्तरच्या दशकापासून मोकळे राहून वाढतायत, अरुबा बेटावर 1999 पासून तीच डोकेदुखी. ठाण्यात येऊरच्या जंगलाला लागून आपल्या इमारती आहेत, हवा उबदार, उंदीर भरपूर, एखाद्याने कंटाळून सोडला तर तो मरेलच याची काही गॅरंटी नाही. आणि कंटाळा येऊ शकतो, कारण फिलाडेल्फिया झूमधला पॉपाय नावाचा बोआ 40 वर्षांहून जास्त जगला, 1977 ला गेला. पंचवीस पिल्लं म्हणजे पंचवीस अशी घरं शोधायची, आणि पिल्लू तीन-चारदा नीट खाऊन-पचवून दाखवेपर्यंत चांगला ब्रीडर ते हातातून सोडत नाही, तोवर नव्या मालकाचे कागदही पूर्ण करून घेतो.